स्टार्टरचा वरचा बोल्ट

आमच्या ह्यांना लोक मिस्त्री म्हणतात. गाड्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि हेवा करणं हा जोडधंदा. पहिल्यात अधूनमधून मंदी येते, दुसऱ्यात आजवर आलेली नाही. समोरच्या न्हाव्यानं गोल फिरणारी खुर्ची आणली आणि ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. आता न्हाव्याची खुर्ची आणि आपला जॅक यांचा काही संबंध आहे का? पण नाही. "फिरते म्हणे! गिऱ्हाइकाला चक्कर आली म्हणजे कळेल," असं किती तरी दिवस चाललं होतं. पुढच्या गल्लीतल्या टायरवाल्यानं हवा भरायचं नवं यंत्र घेतलं, तर हे त्या रस्त्यानं जायचेच बंद झाले. आमच्या मुलाला मोठ्या गाड्या चालवायचा परवाना मिळाला तेव्हा गल्लीभर सगळ्यांना चहा पाजला, आणि घरात आल्यावर मला म्हणाले, "आमच्या वेळी एवढं सोपं नव्हतं." पोटच्या पोराचा हेवा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे मी हसत सांगते खरी, पण मला हसायचा फारसा हक्क नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशातली गत आहे माझी. माझं काय ते पुढं सांगतेच.

आमचं गॅरेज म्हणजे घराला लागून काढलेली पत्र्याची शेड. स्वयंपाकघराचं मागचं दार थेट तिच्यात उघडतं. मध्ये फक्त एक पायरी. हे खाली गाडीखाली झोपलेले, आणि मी पायरीवर उभी. "चौदाचा पाना दे," म्हटलं की भिंतीवरच्या खिळ्यावरचा चौदाचा काढून हात लांब करून द्यायचा. "फडकं दे", "बॅटरी धर", "फोन घे, सांग मी नाही." पायरीच्या खाली मात्र उतरायचं नाही. लग्न झालं त्या वर्षी मी एकदा हौसेनं म्हटलं होतं, "मला पण शिकवा की. मी खालून धरीन, तुम्ही वरून खोला." तर हे इतके हसले की त्यांच्या हातातला पाना पडला. म्हणाले, "तुझे हात पिठाचे. खाली तेल आहे, घसरशील. तू आपली वरच बरी." मीही हसले तेव्हा. नवीन लग्न झालेली बाई हसते तशी. नंतर पुन्हा विचारलं नाही. पण दळून आणलेलं पीठ चाळताना पुष्कळदा ते वाक्य आठवायचं आणि चाळणी जरा जोरात आपटली जायची.

ह्यांचं काम चांगलं होतं, त्यात वाद नाही. आधी एका मालकाकडं गाड्या धुवायचे, मग तिथंच हात काळे करत शिकले आणि स्वतःची शेड उभी केली. पण ह्यांची खरी कीर्ती उभी होती ती एका बोल्टवर. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला धक्का मारणारी जी मोटर असते तिला स्टार्टर म्हणतात. जुन्या पिकअप गाड्यांमध्ये तो दोन बोल्टांवर बसवलेला असतो. खालचा बोल्ट दिसतो, कुणीही काढतो. वरचा दिसतच नाही. इंजिन आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्या बेचक्यात, सायलेन्सरच्या पाइपामागं कुठंतरी तो असतो. बाकीचे मिस्त्री त्याच्यासाठी अर्धी गाडी उकलायचे. हे बॉनेट उघडून खांद्यापर्यंत हात आत घालायचे, स्वतः वाकवलेला एक पाना त्या बेचक्यात सरकवायचे, डोळे मिटायचे आणि बोल्ट काढायचे. "बोटांना डोळे असतात," असं प्रत्येक वेळी म्हणायचे. बघायला माणसं गोळा व्हायची. हे मात्र पाठ अशी करून उभे राहायचे की हात नेमका कुठून जातो ते कुणाला दिसू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो वाकडा पाना बाकीच्या पान्यांबरोबर टांगायचेही नाहीत, वेगळा ठेवायचे. मला त्याला हात लावू दिला नाही कधी.

मग आमच्या घरी सून आली. मुलगा लांबच्या फेऱ्या करतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी असतो. सून आधी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. डेपो गावाबाहेर गेला आणि तिची नोकरी सुटली. ती काही हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. आल्यावर थोड्याच दिवसांत चहाचा कप हातात घेऊन ती पायरी उतरली आणि म्हणाली, "बाबा, तो टायर मी काढू का?"

मी वाट बघत होते, हे आता हसतील म्हणून. हसले नाहीत. "काढ की," म्हणाले. तेल आहे, घसरशील, असंही म्हणाले नाहीत. त्या दिवशी मी तिच्या चहात साखर घालायची विसरले. खरं म्हणजे विसरले नव्हते.

पोरगी गुणाची आहे, हे आधीच सांगून टाकते. माझे पाय दुखले तर न सांगता पाणी गरम करून आणते. भांडत नाही, उलटून बोलत नाही. पण ती चाकं लावलेल्या फळीवर उताणी पडून सर्रकन गाडीखाली गेली की माझ्या छातीत काहीतरी टोचायचं. सून आवडते म्हणून तिचा हेवा वाटत नाही असं थोडंच आहे? उलट नावडती असती तर बरं झालं असतं. मनसोक्त नावं तरी ठेवता आली असती.

ह्यांना पहिल्यांदा बरं वाटलं. फुकटचा मदतीचा हात मिळाला. पंक्चर, ऑइल, ब्रेक असली कामं तिच्याकडं ढकलून हे खुर्ची टाकून बसायला लागले. पण पुढं गिऱ्हाइकं शेडच्या दारातून आत डोकावून विचारायला लागली, "सूनबाई आहेत का?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं. ह्यांच्या अंगाचा तिळपापड. "का, मी मेलो की काय?" असं एकाला म्हणालेसुद्धा. त्या बिचाऱ्यानं दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली, आणि फोन उचलला सुनेनं. तेवढ्यावरून घरात दोन जेवणं अबोल्यात गेली.

अशात एके दिवशी सकाळी बेकरीवाल्याचा पिकअप आला. आला म्हणजे ढकलत आणला. बेकरीवाला आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि त्याची गाडी त्याच्यापेक्षा जुनी वाटावी अशी. मागच्या हौद्याला पावाचा वास इतका मुरलेला, की गाडी शेडमध्ये शिरली की स्वयंपाकघरात मला कळतं कोण आलं. काही महिने स्टार्टर त्रास देत होता. किल्ली फिरवली की नुसतं टक. मग बेकरीवाला खाली उतरायचा, वाकून लाकडी दांड्यानं स्टार्टरवर दोन ठोके द्यायचा, की गाडी सुरू. त्या दिवशी ठोक्यांनाही दाद देईना.

"काढावा लागेल," हे म्हणाले, आणि वाकडा पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकले.

मी पायरीवर होते. सून कोपऱ्यात एका गाडीचं चाक बसवत होती. हात आत गेला, डोळे मिटले, आणि मग काहीच झालं नाही. पाना लागल्याचा, सटकल्याचा आवाज. पुन्हा लागल्याचा, पुन्हा सटकल्याचा. कपाळावर घाम. मग सुरू झालं, उजेड कमी आहे, गाडी तिरकी लावली आहे, बॉनेटची काठी मध्ये येते. नाचता येईना अंगण वाकडं. ज्या कामाला हे डोळे मिटून घ्यायचे त्याला उजेड कशाला हवा, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांचा उजवा अंगठा मी बघत होते. सांध्यापाशी सुजलेला, वाकत नव्हता. गेले कित्येक दिवस हे चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते, आणि विचारलं तर म्हणत होते, कप गरम आहे.

बेकरीवाला भला माणूस, पण कुठं काय बोलावं याची अक्कल देवानं त्याला वाटणीत कमी दिली. तो म्हणाला, "मिस्त्री, दमलात. सूनबाईंना सांगू का जरा?"

झालं. हे ताठ उभे राहिले. डोकं बॉनेटला आपटलं, पण त्याचंही भान नाही.

"सांग की! सांग! तिनं स्टार्टर काढला, दुरुस्त केला, परत बसवला आणि एका किल्लीत गाडी चालू केली, तर उद्यापासून ह्या गॅरेजची किल्ली तिच्याकडं. मी घरात बसून भाजी निवडतो."

सून चाक सोडून उठली. "बाबा, असं काय बोलता?"

"का? भीती वाटते?"

"भीती कसली?" ती शांतपणे म्हणाली. आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते. "पण एका किल्लीत झाली नाही तर?"

"तर पुन्हा ह्या गाडीला हात लावायचा नाही. आणि कुणी सूनबाई आहेत का म्हणून आलं, तर घरातून बाहेर यायचं नाही."

बेकरीवाला माझ्याकडं बघायला लागला, मी काही म्हणेन म्हणून. मी काय म्हणणार? मला कुणी विचारलं होतं? पोरगी जिंकली तर म्हातारा दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात, हरली तर ती दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात. गॅरेज कुणाला मिळायचं याची शर्त लागली होती आणि त्यात माझं नाव कुठं नव्हतं. मला दोघांचाही राग आला.

सुनेनं कामाला सुरुवात केली. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुढून गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोड्या दिल्या, गाडी हलवून बघितली. आधी बॅटरीची वायर काढली. मग फळीवर पडून खाली गेली. ती वरून गेलीच नाही. तिनं सळयांना सळया जोडून हातभर लांब दांडा केला, टोकाला बोल्टच्या डोक्यावर बसणारं सॉकेट लावलं आणि गिअरबॉक्सच्या वरून, मागच्या बाजूनं तो आत सरकवला.

हे तिच्या पायांशी स्टूल टाकून बसले होते. "हे काय? मासे धरायला निघालीस का?"

बेकरीवाला हसला. खालून थोडा वेळ सळईचा खरखराट झाला, आणि मग कट्ट असा एक आवाज आला. तो आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. वरचा बोल्ट सुटला की येतो तो. मी ह्यांच्याकडं बघितलं. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण डोळे हसत नव्हते. आपलं मूल परक्याच्या कडेवर जाऊन हसायला लागलं की आईचं तोंड होतं, तसं त्यांचं झालं होतं.

मग खालचा बोल्ट. मग मोटर. ती जड असते, दोन्ही हातांनी पेलून, तोंड खाली करून पाइपाच्या आणि चासीच्या मधून काढावी लागते. एकदा ती पाइपावर आदळली आणि वर साठलेली वर्षानुवर्षांची माती, ग्रीस, गंज सगळं धबाधबा फरशीवर, ह्यांच्या स्टुलापर्यंत आलं. सून बाहेर आली ती काळीठिक्कर, पोटावर मोटर धरून. "निघाली," एवढंच म्हणाली आणि दात पांढरे दिसले.

तिनं मोटर टेबलावर उकलली. आतले वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून नखाएवढे उरले होते. नवे घातले, आतलं तांबं घासून लखलखीत केलं, जोडून फरशीवर बॅटरीला वायर लावून बघितली. मोटर झटका देऊन गरगरली. बेकरीवाल्यानं टाळी वाजवली.

मला काय वाटलं सांगू? ह्यांची जिरली म्हणून गुदगुल्या होत होत्या, आणि ती जिंकत होती म्हणून त्याच बोचत होत्या. मी आत जाऊन चहा टाकला. बाहेर आले तर हे अगदी गप्प. टोमणा नाही, सूचना नाही, खाकरणंसुद्धा नाही. मला वाटलं, म्हाताऱ्यानं मनाशी हार मानली. थोडी दयाही आली. त्यांना चहा आधी दिला.

सुनेनं मोटर परत चढवली, दोन्ही बोल्ट आवळले, वायर जोडल्या, बाहेर येऊन हात पुसले. "बसा," बेकरीवाल्याला म्हणाली, "फिरवा किल्ली."

किल्ली फिरली आणि शेडमध्ये असा कर्रर्रर्र आवाज झाला, की न्हावी वस्तरा घेऊन दारात आला. लोखंडाचे दात लोखंडावर घासले की होतो तसा. बेकरीवाल्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. सुनेच्या तोंडावरचा रंग गेला.

"एका किल्लीत झाली नाही," हे म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही.

पण तो आवाज मी ओळखला. फार वर्षांपूर्वी अगदी असाच ऐकला होता. ह्या पिकअपचा मूळ स्टार्टर तेव्हा जळाला होता आणि तसा दुसरा कुठं मिळेना. ह्यांनी भलत्याच गाडीचा आणून बसवला, तर तो केसभर पुढं यायचा आणि त्याचे दात इंजिनाच्या दातांवर घासायचे. दिवसभर खटपट करून हे आत आले आणि म्हणाले, "अगं, काहीतरी पातळ पत्रा दे." मी बिस्किटाच्या डब्याचं झाकण काढलं. मोटरचं तोंड त्याच्यावर ठेवून पेन्सिलनं भोवती रेघ मारली आणि माझ्या कात्रीनं मोटर आणि इंजिन यांच्या मध्ये घालायचं पॅकिंग कापलं. बोल्टांसाठी नुसती भोकं न पाडता एका बाजूनं तोंडं उघडी ठेवली, म्हणजे बोल्ट सैल केले तरी ते मधल्या फटीत सरकवता यावं. ती अक्कल माझी. कात्रीची धार गेली ती गेलीच. ह्यांनी ते बसवलं, आवाज बंद झाला, आणि बेकरीवाल्याला सांगितलं, "मी स्वतः बनवलंय. असं काम कुठं मिळायचं नाही." मी पायरीवरच उभी होते. मूग गिळून बसले.

मोटर पाइपावर आदळली तेव्हा ते पॅकिंग त्या घाणीबरोबर खाली पडलं असणार. सुनेला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. काळ्या घाणीत काळा पत्रा. मी फरशीवर बघितलं. ढिगारा होता, पॅकिंग नव्हतं. मग मी ह्यांच्याकडं बघितलं.

ह्यांना बसलं की पाय हलवायची खोड आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे स्पष्ट आहेत आणि ह्यांचा डावा पाय तेवढा अंधुक आलाय. आणि आता तोच डावा पाय फरशीवर ठोकल्यासारखा स्थिर होता.

"पाय उचला," मी म्हटलं.

"काय?"

"पाय उचला म्हणते."

"काय झालं वहिनी? विंचू आहे का?" बेकरीवाला पटकन गाडीतून उतरला.

"त्याहून जुनं आहे काहीतरी."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि पाय उचलला. पॅकिंग ग्रीसनं चपलेच्या तळाला चिकटून वर आलं.  न्हावी वस्तरा मिटून निघून गेला. एवढा शहाणपणा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा दाखवला.

मी त्यांच्या चपलेला चिकटलेला पत्रा सोलून काढला. तो काढताना लक्षात आलं की मी पायरी उतरून खाली आले आहे. तेल होतं. घसरले नाही.

मला राग आला, पण पोरीला फसवलं म्हणून नव्हे, खरं सांगते. मी समोर उभी होते. जगात त्या पॅकिंगची माहिती दोघांनाच होती, त्यांना आणि मला. ते लपवायचं तर माझ्यापासून लपवायला हवं होतं. आणि ह्यांनी माझ्यासमोर आरामात पाय ठेवला होता, माझ्या हातचा चहा पीत. मी ते कापलं होतं हे ते विसरलेच होते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागानं.

सून पुन्हा गाडीखाली जायला निघाली होती. "पॅकिंग होय! आई, द्या इकडं, मी बसवते." तिनं हात पुढं केला.

द्यायला हवं होतं. तिचं काम, तिची शर्त. माझा हात काही पुढं झाला नाही.

"तू सरक," मी म्हटलं. "ती फळी दे मला."

"आई, तुम्ही?"

"मी कापलंय ते. मीच बसवणार."

"अगं, वेड लागलं का?" हे उठले. "कंबर धरेल तुझी!"

"धरू दे. माझी आहे."

फळीवर पडणं वाटतं तेवढं सोपं नाही. एकदा फळी एकीकडं गेली आणि मी दुसरीकडं. सुनेनं न हसता फळी धरली, बॅटरीची वायर पुन्हा काढली, आणि मी खाली सरकले. नाकाच्या वर वीतभर अंतरावर सगळं लोखंड. जळक्या तेलाचा वास, त्यात पावाचा. सून शेजारी जमिनीवर आडवी झाली आणि हातातल्या बॅटरीचा उजेड धरून सांगायला लागली, "आधी खालचा सैल करा. पूर्ण नको. हां. आता दांडा आत. अजून. थोडा डावीकडं. तिथं दिसणार नाही आई, बोटानं चाचपा आणि सॉकेट त्याच्या डोक्यावर बसवा."

मी हात आत घातला. धूळ, एक वायर, पाइपाची कड, आणि मग तो लागला. सहा कडांचा, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. एवढासा! ज्याच्यासाठी माणसं गोळा व्हायची, ज्याच्याबद्दल जेवताखाता ऐकलं, ज्याच्यापायी हे माझ्याकडंही पाठ करून उभे राहायचे, तो हा. मी त्याच्याभोवती सगळ्या बाजूंनी बोट फिरवलं. एक कड गोलसर झाली होती. बाकीच्या तीक्ष्ण होत्या.

"सापडला का?" सुनेनं विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं.

मग सॉकेट बसवलं आणि सैल केला. कट्ट. मोटर जराशी मागं आली, फट पडली, आणि मी पॅकिंग त्या फटीत सरकवलं. उघडी तोंडं बोल्टांवर बरोबर जाऊन बसली. दोन्ही बोल्ट आवळले. बाहेर आल्यावर उठता येईना, सुनेनं आणि बेकरीवाल्यानं दोन बाजूंनी धरून उभी केली.

किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, एकदाही न कुरकुरता. बेकरीवाला खिडकीतून "वहिनी! वहिनी!" असं दोनदा ओरडला. 

गाडी गेल्यावर सून म्हणाली, "बाबा, एका किल्लीत नाही झाली. शर्त मी हरले. गॅरेज तुमचंच." बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते ह्यांना जास्त लागलं असणार. शर्त जिंकलेल्या माणसाचं इतकं पडलेलं तोंड मी पाहिलं नव्हतं. चूक झाली असं मात्र म्हणाले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. झाडू घेतला आणि फरशीवरची ती घाण स्वतः गोळा केली. मग सुनेला म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या गाडीचं चाक अर्धंच बसवलंयस. पूर्ण कर." ती गेली आणि चाक बसवायला लागली.

संध्याकाळी जेवायला आम्ही दोघंच बसलो. सून बाहेर उभी राहून मुलाशी फोनवर बोलत होती आणि मधूनच तिचं हसणं ऐकू येत होतं. कशाबद्दल ते मला कळत होतं. माझी कंबर ठणकत होती. दोनदा साबण लावूनही नखांच्या कडा काळ्याच होत्या.

ह्यांनी घास हातात घेतला आणि तसाच ठेवला.

"कसा आहे गं?" म्हणाले.

"कोण?"

"वरचा. बोल्ट." माझ्याकडं बघत नव्हते. "डाव्या अंगाची कड जरा गेली होती त्याची. अजून गेलीय का? की तेवढीच आहे?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"माझा हात जातो आत," ते म्हणाले. "जातो. पण हाताला काही कळत नाही आता. अंगठ्यात जीवच नाही. बोल्ट आहे का पाइप, तेसुद्धा कळत नाही. दोन वर्षं झाली." हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या बोटांकडं बघितलं. ताटावर ठेवलेल्या माझ्या काळ्या बोटांकडं. ती नजर मी ओळखते. तिच्याबरोबर संसार केलाय मी. ती लोकांच्या वस्तूंवर लागलेली बघितली, पोराच्या परवान्यावर लागलेली बघितली, सुनेच्या हातांवर लागलेली बघितली. माझ्यावर ती आजवर कधी लागली नव्हती. माझ्याकडं होतं काय हेवा करण्यासारखं?

त्यांना लगेच सांगायला हवं होतं. दुखऱ्या हाताचा माणूस, एवढंच तर विचारत होता. कुणी चांगली बायको असती तर तिनं सांगितलं असतं.

"मला जेवू द्या," मी म्हटलं. "मग सांगते."

ते थांबले. मी सावकाश जेवले.